ज्ञानकोशातल्या लढाया

मुलांनो, आधी एक सोपा प्रश्न. १६४० साली शिवाजी महाराज किती वर्षांचे होते?

चौथीतल्या मुलांनी तर हात वर केलेसुद्धा असतील. महाराजांचा जन्म १६३० चा, म्हणजे ते दहा वर्षांचे होते. शहाजीराजे तेव्हा आदिलशाहीच्या चाकरीत, दूर बंगळूरला. तोरणा घ्यायला अजून काही वर्षं होती. राज्याभिषेक झाला तो थेट १६७४ साली.

आता हे ऐका. १६४० च्या मध्यापासून १६४१ च्या सुरुवातीपर्यंत गोव्यातल्या डिचोलीच्या परिसरात एका बाजूला पोर्तुगीज आणि दुसऱ्या बाजूला बलाढ्य मराठा साम्राज्य यांची लढाई झाली आणि शेवटी तह झाला, अशी साद्यंत हकिगत एका ज्ञानकोशात दिलेली होती. थोडीथोडकी नाही, चार हजारांहून जास्त शब्दांची! खाली संदर्भांची यादी होती. पुस्तकांची नावं, लेखकांची नावं, प्रकाशकांची नावं, सगळं कसं व्यवस्थित.

हा ज्ञानकोश म्हणजे इंटरनेटवरचा इंग्रजी विकिपीडिया. २००७ साली हा लेख तिथे आला. त्याच वर्षी तो तपासून त्याला ‘चांगला लेख’ असा शिक्काही मिळाला. हा शिक्का फार थोड्या लेखांना मिळतो, बरं का! पुढे पाच वर्षं तो तिथे ऐटीत बसून होता. २०१२ च्या डिसेंबरात एका संपादकाला शंका आली आणि त्याने यादीतली पुस्तकं शोधायला घेतली. एक सापडेना. दुसरंही सापडेना. कारण ती पुस्तकं कधी कोणी लिहिलेलीच नव्हती! डिचोलीचा मुलूख त्या काळी आदिलशाहीत होता, मराठा साम्राज्य जन्मायचं होतं, आणि ही लढाई एका थापाड्याच्या डोक्यात झाली होती. लेख काढून टाकला. मात्र तो पुरावा म्हणून ‘फसवे लेख’ या यादीत जपून ठेवला आहे. इंग्रजी वाचणाऱ्या ताई-दादांनी जरूर पाहावा.

या गोष्टीतलं मला सर्वांत जास्त काय खटकतं, सांगू? थापा मारणारे तर गावोगाव असतात. पण पाच वर्षांत त्या पानावर एकही धड भांडण झालं नाही! चौथीतल्या एखाद्या मुलाने जरी विचारलं असतं, ‘कशावरून हो? तेव्हा साम्राज्य होतं कुठे?’, तरी सगळं बिंग फुटलं असतं. पण लेख वाचणाऱ्यांना आपल्याकडचा इतिहास ठाऊक नव्हता, आणि ज्यांना ठाऊक होता ते तिकडे फिरकले नव्हते.

म्हणून आज मी तुम्हाला भांडणांबद्दल सांगणार आहे. घरातली भांडणं नव्हेत हं, ज्ञानकोशातली.

हे लिहितं तरी कोण?

आपल्या मराठीत ज्ञानकोशांची परंपरा मोठी आहे. डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकर यांनी महाराष्ट्रीय ज्ञानकोशाचे २३ खंड केले. त्यांना तर लोक ‘ज्ञानकोशकार’ म्हणूनच ओळखतात. पुढे वाईला तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या देखरेखीखाली मराठी विश्वकोश तयार होऊ लागला. त्याचा पहिला खंड १९७६ साली निघाला. अशा कोशांत प्रत्येक विषयाचे जाणकार लिहितात, संपादक तपासतात, मग मजकूर छापखान्यात जातो. चूक झालीच तर जबाबदार कोण, हे माहीत असतं. पण ती सुधारायला पुढच्या आवृत्तीची वाट पाहावी लागते.

१५ जानेवारी २००१ रोजी अमेरिकेत जिमी वेल्स आणि लॅरी सँगर यांनी एक वेगळाच कारखाना उघडला. कोणीही या, लेख लिहा, दुसऱ्याने लिहिलेला दुरुस्त करा! फाटकाला कुलूपच नाही. ‘विकी’ हा हवाई बेटांवरच्या भाषेतला शब्द आहे, अर्थ ‘झटपट’. मराठी विकिपीडिया सुरू झाला १ मे २००३ रोजी, म्हणजे अगदी महाराष्ट्र दिनाच्या मुहूर्तावर. आज इंग्रजीत सत्तर लाखांच्या वर लेख आहेत, मराठीत लाखाच्या आसपास.

‘बाई, कोणीही लिहिलं तर मग गोंधळच होणार ना?’ होतो तर! म्हणून तिथे काही नियम आहेत. पहिला नियम, लेख तटस्थ हवा. कोणाची तळी उचलायची नाही. दुसरा, जे लिहाल त्याला छापील किंवा प्रसिद्ध झालेला आधार हवा आणि तो वाचकाला पडताळून पाहता आला पाहिजे. तिसरा नियम मुलांना जरा जाचक वाटतो. स्वतः लावलेला शोध तिथे लिहायचा नाही. तुम्ही गावच्या देवळाची दीपमाळ दोरीने मोजलीत आणि ती वीस फूट भरली, तरी ‘मी स्वतः मोजली’ हा तिथे पुरावा होत नाही. कोणा विश्वासू पुस्तकात ती उंची दिलेली हवी.

मराठी विकिपीडियावर एखाद्या वाक्यापुढे बारीक अक्षरांत ‘संदर्भ हवा’ असं लिहिलेलं दिसलं, तर समजायचं की कोणीतरी ‘कशावरून?’ असं विचारून गेलंय आणि उत्तर अजून आलेलं नाही. प्रत्येक लेखाच्या पाठीमागे एक ‘चर्चा’ पान असतं. भांडायचं ते तिथे. सगळ्यांनी मिळून बोलायच्या जागेला मराठीत नाव दिलंय ‘चावडी’! नवशिक्यांनी हात बसवायच्या पानाला ‘धूळपाटी’. ही नावं ज्यांनी ठेवली त्यांचं मला फार कौतुक वाटतं.

कधी कधी दोघे जण हट्टाला पेटतात. एकाने लिहायचं, दुसऱ्याने खोडायचं, पहिल्याने पुन्हा लिहायचं. याला ‘संपादन युद्ध’ म्हणतात. इंग्रजी विकिपीडियावर नियमच आहे की एका पानावर चोवीस तासांत तीन वेळांपेक्षा जास्त दुसऱ्याचं लिहिणं उलटवायचं नाही. नाहीतर काही काळ खेळाबाहेर! दह्याला इंग्रजीत ‘योगर्ट’ म्हणतात. त्याच्या स्पेलिंगमध्ये एच अक्षर हवं की नको, यावर तिथे आठएक वर्षं वाद चालला होता. हसू नका. आपल्याकडेही ऱ्हस्व-दीर्घावरून काय कमी भांडणं होतात?

पण स्पेलिंगने कोणाचं नुकसान होत नाही. नुकसान झालं ते जॉन सीगेन्थॉलर यांचं. हे अमेरिकेतले नामांकित, वयोवृद्ध पत्रकार. २००५ च्या मे महिन्यात कोणीतरी नाव न सांगता त्यांच्या पानावर लिहून ठेवलं की केनेडी बंधूंच्या खुनांत त्यांचा हात असल्याचा संशय होता. धादांत खोटं! उलट रॉबर्ट केनेडींबरोबर त्यांनी काम केलं होतं आणि त्यांच्या अंत्ययात्रेत खांदाही दिला होता. हा मजकूर चार महिने तसाच राहिला. पुढे सीगेन्थॉलर यांनी वर्तमानपत्रात लेख लिहून जाब विचारला तेव्हा मोठी खळबळ उडाली. त्या डिसेंबरपासून इंग्रजी विकिपीडियावर नाव न नोंदवता नवं पान सुरू करायला बंदी आली. लिहिणाऱ्याने म्हणे गंमत केली होती. दुसऱ्याच्या अब्रूशी कसली आलीय गंमत?

आता दुसरी बाजूही सांगते. त्याच डिसेंबरात ‘नेचर’ या प्रसिद्ध विज्ञान साप्ताहिकाने एक तुलना छापली. विज्ञानावरचे ४२ लेख घेतले, विकिपीडियातले आणि ब्रिटानिका या जुन्या मातब्बर ज्ञानकोशातले. कोणता लेख कुठला हे न सांगता ते जाणकारांकडून तपासून घेतले. ब्रिटानिकात दर लेखामागे सरासरी तीन चुका निघाल्या, विकिपीडियात चार. ब्रिटानिकावाले भयंकर रागावले, तपासणीची पद्धतच चुकीची आहे म्हणाले. म्हणजे चुकांच्या मोजणीवरूनही भांडण!

खोटं आणि पक्षपाती

आता जरा नाजूक मुद्द्याकडे येऊ. आधार हवा, हे ठीक. पण कोणता आधार चांगला आणि कोणता वाईट, हे ठरवायचं कोणी?

समजा, तुमच्या शाळेचा शेजारच्या गावातल्या शाळेशी कबड्डीचा सामना झाला. तुमच्या शाळेच्या हस्तलिखितात आलं, ‘आमच्या वाघांनी ३२-२८ असा दणदणीत विजय मिळवला.’ त्यांच्या हस्तलिखितात आलं, ‘पंचांनी दोन निर्णय चुकीचे दिल्याने आमचा संघ २८-३२ असा निसटता हरला.’ दोन्ही पक्षपाती आहेत. दणदणीत काय आणि निसटता काय! पण गुण दोघांनीही खरेच दिले. आता तिसऱ्या कोणी छापलं, ‘सामना ४०-१० असा सुटला.’ हा माणूस कोणाच्याही बाजूचा नसेल, पण त्याचं लिहिणं खोटं आहे.

विकिपीडियाचा नियम असा की पहिले दोघे आधार म्हणून चालतील, फक्त ‘त्यांच्या म्हणण्याप्रमाणे’ असं सांगून. तिसरा चालणार नाही. बाजू घेणं वेगळं आणि खोटं सांगणं वेगळं. कागदावर हे किती सोपं वाटतं! प्रत्यक्षात मात्र आपल्याला जो आवडत नाही तो खोटारडाच वाटू लागतो. मोठ्या माणसांनाही वाटतो.

इंग्लंडमध्ये ‘डेली मेल’ नावाचं १८९६ पासून निघणारं मोठ्या खपाचं वर्तमानपत्र आहे. फेब्रुवारी २०१७ मध्ये इंग्रजी विकिपीडियाच्या संपादकांनी बराच खल करून ठरवलं की यापुढे शक्यतो या पत्राचा आधार घ्यायचा नाही. ते बातम्या नीट तपासत नाही, सनसनाटी करतं, प्रसंगी रचूनही सांगतं, असं एका बाजूचं म्हणणं. दुसरी बाजू म्हणाली, असल्या चुका इतरही वर्तमानपत्रं करतात, मग यालाच का धरलंत? त्याचे राजकीय विचार तुम्हाला पटत नाहीत म्हणून? डेली मेलनेही जोरात निषेध केला.

पुढे वर्तमानपत्रं, मासिकं, वाहिन्या यांची एक मोठी यादीच तयार झाली. हिरवा रंग म्हणजे भरवशाचं, पिवळा म्हणजे जपून, लाल म्हणजे नको. अगदी चौकातल्या सिग्नलसारखं! या यादीवरून आजही घमासान चालू आहे. विकिपीडियाचे एक संस्थापक लॅरी सँगर यांनी २००२ सालीच ते काम सोडलं होतं. ते गेली काही वर्षं सांगताहेत की विकिपीडिया एका बाजूला झुकलाय. २०२५ साली त्यांनी मागणी केली की असल्या काळ्या याद्याच रद्द करा. त्याच वर्षी ऑक्टोबरात इलॉन मस्क यांच्या कंपनीने विकिपीडिया पक्षपाती आहे असं म्हणत ‘ग्रोकिपीडिया’ काढला. त्यातले लेख यंत्राकडून लिहवून घेतलेले. यंत्र पक्षपात करत नाही, अशी काहींची समजूत असते. पण यंत्र शिकतं कशावरून? माणसांनी लिहिलेल्यावरूनच ना!

मला विचाराल तर यादी सोयीची आहे. रोज तेच भांडण नव्याने करायला कोणाला वेळ असतो? पण सोय झाली की माणूस आत डोकावायचं सोडतो, ही धास्तीही खोटी नाही. हिरव्या रंगाचं वर्तमानपत्रही चुकतं. त्याची एक मजेदार गोष्ट सांगते.

फेब्रुवारी २००९. जर्मनीत कार्ल-थिओडोर त्सू गुटेनबर्ग हे मंत्री होणार होते. त्यांचं घराणं जुनं सरदारांचं, त्यामुळे त्यांना एकापुढे एक अशी आठ-दहा नावं. आदल्या दिवशी एका खोडकराने जर्मन विकिपीडियावर त्या माळेत आणखी एक नाव ओवून दिलं, ‘विल्हेल्म’! दुसऱ्या दिवशी मोठमोठ्या वर्तमानपत्रांनी नव्या मंत्र्यांचं पूर्ण नाव छापलं, विल्हेल्मसकट. घाईत विकिपीडियावरून उतरवलेलं. इकडे विकिपीडियावर कोणीतरी विचारलं, ‘विल्हेल्म कशावरून?’ लगेच उत्तर आलं, ‘हे काय, बातमीत आलंय की!’ आहे की नाही गंमत? चोराची साक्ष चोरच देतोय, आणि दोघांनाही त्याचा पत्ता नाही. वर्गातही आपण पाहतो ना? चौघांच्या वहीत एकच चुकीचं उत्तर असलं, तर ते चार पुरावे होत नाहीत. वही एकच फिरलेली असते.

बखरीतले शंभूराजे

मुलांनो, आधार तपासायची ही भांडणं काही संगणकाबरोबर जन्मली नाहीत. आपल्याकडचंच उदाहरण घ्या.

छत्रपती संभाजी महाराजांबद्दल पुष्कळ वर्षं फार वाईट लिहिलं जायचं. ते व्यसनी, बेजबाबदार, असं चित्र नाटकांतून, पुस्तकांतून रंगवलं जायचं. हे कशावरून? पुष्कळसं बखरींवरून. त्यातली एक महत्त्वाची बखर मल्हार रामराव चिटणीस यांची. ती लिहिली गेली १८११ च्या सुमारास. संभाजी महाराज गेले १६८९ साली. मधे सुमारे सव्वाशे वर्षं! शिवाय चिटणिसांचे पूर्वज बाळाजी आवजी यांना संभाजी महाराजांनी १६८१ साली कटाच्या आरोपावरून देहदंड दिला होता. आता सांगा, ही बखर आधार म्हणून कशी? लिहिणारा प्रसंगापासून दूर, आणि घराण्यात जुनी सल. तरी ती टाकून द्यायची का? तसंही नाही. चिटणिसांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या राज्याचे कागद होते, त्यामुळे तिच्यात खरी माहितीही आहे. फक्त प्रत्येक वाक्य दुसऱ्या कोणत्या तरी कागदाशी ताडून घ्यावं लागतं.

ते काम वा. सी. बेंद्रे यांनी केलं. अनेक वर्षं त्यांनी त्या काळातले कागद शोधले, परदेशातली दप्तरंही धुंडाळली, आणि १९६० साली ‘छत्रपती संभाजी महाराज’ हा ग्रंथ लिहिला. शत्रूंशी चौफेर झुंजणारा, संस्कृत जाणणारा राजा लोकांपुढे आला तो त्या कागदांमधून. पुढे डॉ. कमल गोखले यांनीही अशीच मेहनत घेतली. बेंद्रे नुसते चिडले असते, जुनी पुस्तकं फाडा म्हणाले असते, तर काय साधलं असतं?

२०२५ च्या फेब्रुवारीत ‘छावा’ चित्रपट आला तेव्हा हा विषय थेट विकिपीडियावर जाऊन पोचला. इंग्रजी विकिपीडियावरच्या संभाजी महाराजांच्या पानातल्या मजकुराने लोक संतापले. महाराष्ट्राच्या सायबर पोलिसांनी तो मजकूर काढा असं विकिपीडिया चालवणाऱ्या संस्थेला कळवलं, काही संपादकांवर गुन्हाही नोंदवला. तुमच्या घरीही तेव्हा चर्चा झाली असेल. राग येणं स्वाभाविक आहे, आपल्या राजाचा प्रश्न आहे. पण आमच्या शिक्षकखोलीत बोलणं चाललं होतं तेव्हा मी एवढंच विचारलं की त्या पानाच्या खालची संदर्भांची यादी किती जणांनी वाचली? कोणत्या पुस्तकाचा आधार होता, ते कधीचं, लिहिणाऱ्याने मूळ कागद पाहिले होते का? पान खोडता येतं. पण दुसरा कोणी उद्या त्याच पुस्तकावरून तेच लिहील. त्याच्यापुढे बेंद्र्यांचं पुस्तक पान क्रमांकासह ठेवावं लागतं.

विचारणारेच हाकलले तर?

भांडण मिटवायची एक वाईट रीत असते, ती म्हणजे भांडणाऱ्यालाच बाहेर काढणं. युरोपातल्या क्रोएशिया या लहान देशात तसं झालं. दुसऱ्या महायुद्धात तिथल्या जुलमी राजवटीने यासेनोवाट्स इथे छळछावणी चालवली होती. हजारो सर्ब, ज्यू आणि रोमा लोकांना तिथे मारलं. क्रोएशियन भाषेतल्या विकिपीडियावर मात्र या इतिहासाला गुळगुळीत शब्दांची रंगसफेदी केलेली होती. थोडीच माणसं, पण चाव्या त्यांच्या हातात! ज्याने हरकत घेतली त्याचं खातं बंद. २०१३ साली तर तिथल्या शिक्षणमंत्र्यांनीच विद्यार्थ्यांना सांगितलं की आपल्या भाषेतला विकिपीडिया वापरू नका, इंग्रजी पाहा. किती नामुष्कीची गोष्ट! विकिपीडिया चालवणाऱ्या संस्थेने यावर सविस्तर अहवाल काढला तो २०२१ साली. आठ वर्षांत किती मुलांनी ती पानं वाचून गृहपाठ केला असेल?

पालकांनी हे लक्षात घेण्यासारखं आहे. इंग्रजीत हजारो डोळे पहारा करतात, तरी डिचोलीची लढाई निसटली. मराठीसारख्या भाषेत नेमाने लिहिणारे मोजके. तिथे ‘कशावरून?’ विचारणारी चार माणसं वाढली तरी मोठा फरक पडतो.

उलट टोकही असतं. डॉ. डोना स्ट्रिकलंड या कॅनडात भौतिकशास्त्राच्या प्राध्यापक. २०१८ च्या मे महिन्यात कोणीतरी त्यांच्यावर लेख लिहून इंग्रजी विकिपीडियाकडे दिला. तपासणाऱ्याने तो नाकारला. का, तर इतरांनी त्यांच्याविषयी पुरेसं लिहिलेलं नाही, आधार तोकडे आहेत. २ ऑक्टोबरला नोबेल पारितोषिक जाहीर झालं. लेसर किरणांवरच्या संशोधनासाठी डॉ. स्ट्रिकलंड! भौतिकशास्त्रात मेरी क्युरी आणि मारिया गेपर्ट मेयर यांच्यानंतरच्या त्या तिसऱ्याच स्त्री. मग काय, काही तासांत पान तयार! नियम मोडला होता का कोणी? नाही. वर्तमानपत्रांनी आणि पुस्तकांनी त्यांच्याकडे पाहिलं नव्हतं, म्हणून ज्ञानकोशालाही त्या दिसल्या नाहीत. आजही इंग्रजी विकिपीडियातल्या चरित्रांपैकी जेमतेम पाचवा हिस्सा स्त्रियांचा आहे. मुलींनो, ऐकताय ना?

आणि ज्या गोष्टी कधी छापल्याच गेल्या नाहीत त्यांचं काय? माझ्या वर्गातली एक मुलगी तिच्या आजीकडून शिकलेला सागरगोट्यांचा एक डाव खेळते. त्याचे नियम मी कोणत्याही पुस्तकात वाचलेले नाहीत. विकिपीडियाच्या नियमाने तो डाव जणू जगात नाहीच! यावर २०११ साली अचल प्रभला आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भारतात आणि दक्षिण आफ्रिकेत एक प्रयोग केला. जाणत्या माणसांना, खेळणाऱ्यांना बोलतं केलं, त्यांचं बोलणं ध्वनिमुद्रित केलं आणि तेच आधार म्हणून जोडलं. यावर वाद झालाच. आजीचं बोलणं पडताळणार कसं, हा एक पक्ष. पुस्तक लिहिणाराही शेवटी कोणाला तरी विचारूनच लिहितो ना, हा दुसरा. माझा कल आजीकडे आहे, पण मुद्रण हवं, तारीख हवी, गावाचं नाव हवं. आणि एका आजीवर न थांबता शेजारच्या वाडीतल्या दुसऱ्या आजीलाही विचारायला हवं.

या सुट्टीत एक करून पाहा. आई-बाबांना बरोबर घ्या आणि मराठी विकिपीडियावर आपल्या तालुक्याचं पान उघडा. आधी खाली जा. संदर्भ किती दिलेत ते मोजा. त्यातले दुवे उघडतात का पाहा. काही उघडत नाहीत, तीही एक माहितीच. मग वरचा ‘इतिहास’ दाबा. कोणी, कोणत्या तारखेला, काय बदललं ते ओळीने दिसेल. छापील पुस्तकात ही सोय नसते. त्यानंतर गावातल्या वाचनालयात जाऊन जिल्ह्याचं गॅझेटियर मागा आणि पानावरची तीन वाक्यं त्याच्याशी ताडून बघा. चूक सापडली तर लगेच खोडायला जाऊ नका. ‘चर्चा’ पानावर पुस्तकाचं नाव, साल आणि पान क्रमांक लिहून विचारा. आपलं खरं नाव, शाळा, फोन नंबर तिथे द्यायचा नाही, हे पालकांनी पाहावं. आणि कोणी उलट तुम्हालाच विचारलं, ‘हे गॅझेटियर कोणत्या सालचं? त्यानंतर तालुक्याची हद्द बदलली नाही का?’, तर पुन्हा वाचनालयात जायचं. तिथल्या काकांना आधीच सांगून ठेवा, दोनदा येणार म्हणून.